तिचं अजून कच्चं आहे

सर, परवा तुमची शोकसभा झाली. कॉलेजचा हॉल भरला होता. फोटोला हार, पुढे उदबत्ती, आणि शेजारी तुमची ती केसाळ रशियन टोपी कुणीतरी कौतुकाने ठेवलेली. एकामागून एक माणसं उठली आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, सरांनी जन्मात कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध हे मला ठाऊक आहे, पण परवा घागरी पुरेनात. शेवटी माझं नाव पुकारलं, 'सरांची आवडती विद्यार्थिनी' म्हणून. मी उठले, चपला घातल्या आणि बाहेर आले.

तिथे बोलायचं तर तुमच्या फोटोसमोर बोलावं लागलं असतं, आणि तुम्ही फोटोतही हसताय. म्हणून इथे लिहिते. तुम्ही माझं वाटोळं केलंत, सर. माझ्याच घरी बसून, माझ्या आईने केलेला शिरा खाऊन, हसत हसत केलंत. सभेतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. ते माहीत असलेली माणसं दोनच, तुम्ही आणि मी. आता तुम्ही निघून गेलात आणि हे ओझं मला एकटीला ठेवून गेलात, याचा मला फार राग आहे.

दारात तुमचा अविनाश भेटला. पलटणीतून आलेला, डोळे सुजलेले. म्हणाला, "ताई, तार वेळेवर मिळाली म्हणून बाबांचं तोंड बघायला मिळालं."  ती तार तुमच्या मनाविरुद्ध गेली होती हे त्याला कोण सांगणार? त्याचं शेवटी सांगते.

आधी तुमचं जे देणं आहे ते कबूल करते, नाहीतर म्हणाल पोरगी कृतघ्न निघाली. मी कराडच्या पुढची, कृष्णाकाठच्या ऊसवाल्या गावातली. आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. शिकायला सांगलीत मावशीकडे होते. विद्यापीठाने रशियन आणि तिच्या शेजारपाजारच्या भाषांच्या साहित्याचा एम.ए.चा वर्ग आमच्या कॉलेजात काढला, तेव्हा अख्खी पेठ हसली होती. मावशी म्हणाली, "ते शिकून हळदीचा भाव कळणार आहे का तुला?" वर्गात आम्ही मोजकी पोरं. खोली एनसीसीच्या सामानाला लागून, त्यामुळे तिकडच्या बर्फातली गोष्ट वाचताना शेजारून बुटांच्या पॉलिशचा वास यायचा. पोलिश आणि झेक लेखक इंग्रजीतून वाचायचे, रशियन मात्र मुळातून, असा तुमचा दंडक.

तुम्ही सातारचे, पण दोन वर्षं तिकडे राहून आलेले. तिथून आणलेली टोपी तुमच्या घरी काकू थंडीच्या दिवसांत दह्याच्या भांड्यावर झाकायच्या, दही छान लागतं म्हणून. तिकडून तुम्ही आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे तुमचं ते वाचणं. पुस्तक डाव्या हातात, डोळे रशियन ओळीवर, आणि तोंडातून सरळ मराठी वाहतेय, कुठे अडखळणं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. हे मला यायला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. आणि ते तुम्ही मला शिकवलंत. माझं तोंड धरून, शब्द परत परत म्हणायला लावून शिकवलंत. तिकडचा 'र' माझ्या जिभेवर बसला तेव्हा तुम्ही वर्गाला पेढे वाटले होतेत. हे सगळं खरं आहे, आणि त्यामुळेच पुढचं जास्त झोंबतं.

कारण मूळ वाचता यायला लागलं तसं माझ्या लक्षात आलं की तुम्ही खोटं वाचता. एका गोष्टीत एक बाप आपल्या लेकीला परक्या घरी कामाला ठेवून गाडी हाकत निघून जातो. तुम्ही वाचलंत, 'त्याने वळून पाहिलं आणि डोळे पुसले.' मी पुस्तक पुढे केलं.

"सर, इथे तो वळत नाही."

"अगं, आपल्याकडचा बाप वळतोच."

"पण हा आपल्याकडचा नाही ना, सर."

तुम्ही हसलात. म्हणालात, परकी गोष्ट म्हणजे पाहुणा, त्याचे चिखलाचे पाय धुऊनच त्याला घरात घ्यायचा. मी म्हटलं, पाय धुता धुता तुम्ही पाहुणाच बदलता. वर्ग हसला, तुम्हीही हसलात. पुढे दोन वर्षं हेच भांडण चाललं आणि खरं सांगते, त्या भांडणाइतकं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही. तेव्हा वाटायचं, आपण पुस्तकांवर भांडतोय.

मग ते सिनेमे सुरू झाले. तिकडच्या सिनेमांची रिळं पत्र्याच्या गोल डब्यांतून यायची, खाली भाषांतराच्या ओळी नसलेली. पडदा म्हणजे पांढरं धोतर-कापड, आणि यंत्राशेजारी माईक घेऊन तुम्ही. पडद्यावरचा माणूस बोलला की लगेच मागून तुमचं मराठी. कॉलेजात चाललं, मग गावोगावचे लोक बोलावू लागले. त्या साखर कारखान्याच्या मैदानावरचा खेळ आठवतो? तरणा शिपाई नदी ओलांडताना गोळी लागून मरतो, बायाबापड्या डोळ्याला पदर लावून बसलेल्या, आणि यंत्रवाल्याने मधलं रीळ चुकवून आधीचंच चढवलं. तोच शिपाई गव्हाच्या शेतात खदाखदा हसतोय! मी म्हटलं, सर, यंत्र थांबवा. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माईकवर शांतपणे म्हणालात, "हा त्याचा जुळा भाऊ. शेतीवर असतो."

पुढे तो शिपायाची वाट बघणाऱ्या मुलीला भेटतो, तिच्या केसांत फूल खोवतो. तुम्ही म्हणालात, "भावाची शेवटची इच्छा होती, हिला अंतर देऊ नकोस." अख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. माझ्यापुढे बसलेला एक पैलवानगडी शेजाऱ्याला म्हणाला, "ब्येस झालं गड्या. दिरानं पदरात घेतली, पोरीचं भलं झालं." रीळ बदललं, चूक ध्यानात आली, पण तोवर तुम्ही त्या जुळ्याचं इतकं पक्कं बस्तान बसवलं होतं की सिनेमा संपला तो त्याच्या लग्नावरच. मूळ सिनेमात ती मुलगी शेवटी एकटी फलाटावर उभी असते.

परतताना एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले. तुम्ही शेंगा सोलून माझ्या हातात देत राहिलात.

"लोक सुखाने घरी गेले ना?"

"पण मेलेला मेलाच होता, सर."

"मेलेला मेला हे त्यांना माहीत असतं गं. ते ऐकायला कोण मैदानात येतं?"

 याचं उत्तर मला मिळालं साताऱ्याला. सीमेवरचं युद्ध नुकतंच संपलं होतं. तुमचा घसा बसला होता म्हणून माईक पहिल्यांदा माझ्या हातात आला. सिनेमात एक आई दाराशी बसून असते आणि टपालवाला येऊन सांगतो की तुझा मुलगा गेला. मी तसंच सांगितलं, 'तुझा मुलगा गेला', जेवढे शब्द त्याने वापरले तेवढेच. हॉलमध्ये हुंदका फुटला, तुम्ही मागून माझी वेणी ओढावी तसा माझा पदर ओढलात. पण खेळ संपल्यावर एक बाई माझ्यापाशी आली, जेमतेम माझ्या वयाची, कपाळ मोकळं. म्हणाली, "बाई, तुमी नीट सांगितलंसा. माझ्या घरला तार आली तवा समदी म्हनत हुती, जखमी हाय, यील. चार दीस मी त्येच्यासाठी वाकळ धुवून वाळत घातली." तिने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. तुम्ही शेजारीच उभे होतात, सर. तुम्ही ऐकलंत. ऐकून तुम्ही तिला विचारलंत, चहा घेणार का.

आता नीनाबाईंचं. तिकडच्या विद्यापीठातल्या त्या बाई आमचा वर्ग बघायला सांगलीत आल्या, आम्हा प्रत्येकाला बोलतं केलं, आणि मला म्हणाल्या, तू माझ्याकडे ये. तीन वर्षं, साहित्य आणि सिनेमा दोन्ही शिकायला, सगळा खर्च त्यांच्या सरकारचा. फक्त घरची संमती हवी. बाई स्वतः म्हणाल्या, मी तुझ्या वडिलांना भेटते. आपण तिघं गाडीने आमच्या गावी गेलो.  बोलायला तुम्ही होतात, मग मला कसली भीती? आबा तुम्हाला देवासारखे मानायचे.

आईने बाईंची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. बाईंनी स्कर्टचा घोळ पसरून ती घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आबांनी सगळ्यात आधी जे विचारायचं तेच विचारलं.

"आवं सर, त्यास्नी इचारा, आमची पोर तितं कुनाच्या जिवावर ऱ्हायची?"

तुम्ही विचारलंत. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आबांच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं. त्यातला एकेक शब्द मला पाठ आहे. त्या म्हणाल्या, मला दोन मुली आहेत, ही तिसरी. माझ्या घरासमोरच्या वसतिगृहात राहील, रविवारी माझ्याकडे जेवेल. आणि शिक्षण संपलं की मी स्वतः तिला या दारात आणून सोडीन.

तुम्ही आबांकडे वळलात. घसा खाकरलात. आणि म्हणालात, "बाई म्हणतात, तिकडची थंडी फार वाईट. उष्ण देशातल्या मुलींना सोसत नाही. तिचं इथलं शिक्षण सावकाश पुरं होऊ दे, मग पुढचं पुढे बघू."

मी उभी राहिले. "आबा, त्या आसं न्हाई म्हनल्या. त्या म्हनल्या, मी हिला लेकीसारखी संबाळीन."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. घरात मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी कधी मधे पडले नव्हते. तुम्ही हसलात. तेच हसू, फोटोतलं.

"तिचं अजून कच्चं आहे, सुभेदार. उत्साहाच्या भरात भलतंच ऐकते."

वर्गात पेढे वाटणारे तुम्ही. विद्यापीठात पहिली येणारी मी. कच्चं!

मी बाईंकडे वळले आणि रशियनमध्ये म्हटलं, सरांनी तुमचं बोलणं नीट पोचवलं नाही. बाई गोंधळून तुमच्याकडे बघू लागल्या. तुम्ही त्यांना हलक्या आवाजात सांगितलंत की घरी हिच्या लग्नाचं बघताहेत, पोरीला ते सोसत नाहीये, म्हणून असं बोलते. बाईंनी उठून मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. आबा म्हणाले, "बघा, बाई बी तिला समजावत्यात." मी दोन भाषांत खरं बोलले आणि दोन्हीकडे खोटी पडले. घराच्या पुढच्या त्या सोप्यात दोन्ही भाषा येणारी माणसं दोनच होती, आणि त्यातली एक पोरगी होती. मग आईने शिरा आणला. तुम्ही दोनदा घेतलात.

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. आणि का कापलात? मी पुढे कितीदा विचारलं. कधी म्हणालात, तुझ्या आबांचा चेहरा एवढासा झाला होता, माझ्याने बघवेना. कधी म्हणालात, आई दाराआड पदराने डोळे पुसत होती, ती तुला दिसली नाही, मला दिसली. कधी म्हणालात, तिथे तुला काही झालं असतं तर गावाने मला विचारलं असतं. मी गेले असते तर वर्गात पुरेशी पोरं उरत नव्हती आणि विद्यापीठ वर्ग बंद करणार होतं, हे मात्र तुम्ही कधी म्हणाला नाहीत. ते मी म्हणते. वर्ग तसाही पुढच्या वर्षी बंद पडलाच.

कदाचित आबांनी खरं ऐकूनही नाहीच म्हटलं असतं. म्हणू द्यायचं होतं. त्या 'नाही'शी मी भांडले असते, उपाशी बसले असते, आईला फोडून माझ्या बाजूला घेतली असती. पण थंडीशी कोण भांडणार? आबा गेल्या साली वारले. शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे, "आमच्या पोरीला रशियाचं बोलावनं आलं हुतं, पर बाई म्हनल्या, थंडी सोसायची न्हाई."

मी सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. आणि तरी दर रविवारी तुमच्याकडे येत राहिले. लोकांना वाटायचं गुरुभक्ती. काकू पोहे द्यायच्या आणि आपण दोघं बाहेरच्या खोलीत रशियनमध्ये भांडायचो. अख्ख्या सांगलीत ती भाषा बोलायला मला दुसरं कुणी नव्हतं, तुम्हाला शिव्या द्यायलासुद्धा तुम्हीच लागायचात. तुम्ही ऐकून घ्यायचात, माझं एखादं क्रियापद चुकलं तर दुरुस्त करायचात, आणि पुढचं पुस्तक हातात द्यायचात. माझ्याकडून चूक झाली, एवढं एक वाक्य त्या भाषेत तुम्हाला कधी जमलं नाही. दोन शब्दांचं आहे. मीच तुम्हाला म्हणून दाखवायचे.

मग तुमचं पोट दुखू लागलं. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी येत नव्हतं. ते तुम्हाला इंग्रजीत सांगायचे आणि तुम्ही काकूंना मराठीत. म्हणजे पुन्हा माईक तुमच्याच हातात. काकूंना सांगितलं होतंत, आतड्याला सूज आहे, पथ्य पाळलं की आठवडाभरात घरी. मी भेटायला आले त्या दिवशी काकू पिशवीत तुमचा धुतलेला सदरा घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर आले तशा त्यांना खुणेने विचारू लागल्या की घरी गेल्यावर भाकरी चालेल की मऊ भात द्यायचा. डॉक्टर बघतच राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना केव्हाच सगळं सांगितलं आहे, बायकोला मी सांगतो म्हणाले होते. सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही सांगा.

मी खाटेपाशी आले. डॉक्टर मला काय म्हणाले ते तुम्हाला कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघून रशियनमध्ये हळूच म्हणालात, "मऊ करून सांग."

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितलेलं तेवढंच. आणि तुमचा तो वाळलेला चेहरा बघून तुमच्या मनासारखं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं, हेही लिहिते, तुमचा कितीही राग असला तरी. साताऱ्याची ती बाई डोळ्यांपुढे आली. मी काकूंना म्हटलं, "काकू, सूज नाही. गाठ आहे, आणि ती पसरली आहे. डॉक्टर म्हणतात, औषध उरलेलं नाही, थोडे दिवस आहेत. घरी न्या. अविनाशला बोलावून घ्या."

काकूंच्या मांडीवरून सदरा खाली घसरला. त्यांनी तो उचलला नाही.

आणि तुम्ही हसलात, सर. उशीवरून मान वळवून, त्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणालात, "अगं, तिचं ऐकू नको. तिचं इंग्रजी अजून कच्चं आहे."

 मला आमचा सोपा दिसला, आबांची मान तुमच्याकडे वळताना दिसली. आता काकूंचीही वळणार. चाळीस वर्षांचा त्यांचा संसार, मी कोण?

काकूंनी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि म्हणाल्या, "परत सांग, बाई. मधलं काही गाळू नकोस."

मी परत सांगितलं. पहिल्यापासून, सगळं. मग काकूंनी कनवटीचे पैसे माझ्या हातात ठेवले, अविनाशला तार करायला.